आठ महिने, सहा वॉकीटॉकी आणि कमरेची क्लिप

परवा चौथ्या सेटची क्लिप तुटली, तेव्हा ठरवलं की आता लिहायचंच. पुण्यात एका नऊ मजली ऑफिस इमारतीत मी लॉबीच्या डेस्कला सिक्युरिटी सुपरवायझर आहे. खाली दोन बेसमेंट, पुढे गेट, मागे माल उतरवायचं दार. नोव्हेंबरात आम्ही सहा सेट घेतले, प्रत्येकी 2,650 रुपयांना. 446 मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालणारे, परवाना न लागणारे, 16 चॅनेलवाले. कोणते घ्यायचे हे इमारतीच्या ऑफिसने मला विचारून ठरवलं होतं, म्हणून त्यांच्या बऱ्यावाईटाचं उत्तर मलाच द्यावं लागतं.

आवाज स्वच्छ आहे. बॅटरी 12 तासांची ड्युटी काढते, फक्त ड्युटी बदलताना नव्या माणसाने सेट लगेच चार्जरवर ठेवला पाहिजे. नाइटवाला तसाच कमरेला लावून राउंडला गेला तर पहाटे चारला सेट बंद. हा दोष मी सेटला देणार नाही.

रेंजबद्दल मात्र मी पहिल्या महिन्यात चुकीचं बोललो होतो. बेसमेंट-2 मधला माणूस लॉबीत ऐकूच येत नव्हता. मी दुकानदाराला फोन करून भांडलो, ‘सेट परत घ्या’ म्हणालो. मग शेजारच्या साइटवरून दुसऱ्या बनावटीचा, जवळजवळ दुप्पट किमतीचा सेट तासाभरासाठी मागून आणला. तोही तिथे मुका. काँक्रीटचे दोन स्लॅब आणि त्यातलं लोखंड आडवं आलं की या ताकदीच्या सेटचं काही चालत नाही. आता खालचा माणूस रॅम्पच्या वळणावर येऊन बोलतो, आणि तो अडकला असेल तर बेसमेंट-1 वाला निरोप वर देतो. त्या फोनवर मी आवाज चढवला होता, तेवढा शब्द मागे घेतो.

चॅनेल सगळ्यांना खुले असल्याने शेजारच्या इमारतीचं बोलणं आपल्यात घुसतं. आपल्या सगळ्या सेटमध्ये एकच कोड टाकला की ते ऐकू येणं बंद होतं. पण त्याला कोणी गुप्त समजू नये. कोडमुळे दुसऱ्याचं आपल्याला ऐकू येत नाही एवढंच. आपलं बोलणं त्याच चॅनेलवर बसलेला कोणीही ऐकू शकतो. म्हणून आमच्याकडे सेटवर कोणाचं नाव, गाडीचा नंबर किंवा कॅश आल्याची गोष्ट बोलायची नाही. ‘डेस्कला या’ एवढंच सांगायचं. पोरांना ही सवय लावायला मला दोन महिने लागले.

आता क्लिप.

लोकांना वाटतं डेस्कवाला बसून असतो. सकाळी नऊ ते साडेदहा माझ्या जागेवर उभं राहून बघावं. कार्ड विसरलेले येतात, त्यांच्या ऑफिसात फोन करून खात्री करायची. व्हिजिटरचं ओळखपत्र बघून पास द्यायचा. कोणी लॅपटॉप बाहेर नेतोय, त्याच्या गेटपासवर रिटर्नेबल, म्हणजे परत आणायचा, असं लिहिलंय की नाही आणि सही कोणाची आहे ते तपासायचं. तेवढ्यात एक आजी व्हीलचेअरवर येतात. काचेचं दार धरायला मी धावतो. पोर्चमध्ये कोणी गाडी लावून निघून गेलं, तिथेही मीच. दीड तासात तीस-चाळीस वेळा डेस्क सुटतो आणि प्रत्येक वेळी दोन्ही हात गुंतलेले असतात. सेट कमरेला असला तरच तो माझ्यासोबत येतो. डेस्कवर ठेवला तर तो रिकाम्या खुर्चीशी बोलतो.

या सेटच्या क्लिपमध्ये लोखंडी स्प्रिंग आहे आणि ती ज्या पिनेवर बसते तिथलं प्लॅस्टिक पापडासारखं पातळ आहे. माझी क्लिप फेब्रुवारीत गेली. मी इन्सुलेशन टेपने बांधून पाहिली, रबरबँड लावले, शेवटी सेट डेस्कवर रजिस्टरशेजारी ठेवायला लागलो.

जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात लाइट गेली. जनरेटरने वेळ घेतला आणि लिफ्ट तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबली. लाइट गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणून दार उघडणारी यंत्रणा असते, तिची बॅटरी उतरलेली होती. आत एक बाई आणि एक डिलिव्हरीचा मुलगा. चौथ्या मजल्यावरच्या गार्डने दारावरची थाप ऐकली आणि मला सेटवर तीनदा हाक मारली. मी पोर्चमध्ये गाड्या काढत होतो. लिफ्टमधला इंटरकॉमही डेस्कलाच वाजतो. तो गार्ड जिने उतरून धावत खाली आला तेव्हा मला कळलं. चार-पाच मिनिटं गेली होती. टेक्निशियनने दोघांना सुखरूप काढलं. त्या बाई बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “दादा, कोणीच ऐकत नव्हतं का हो?” मला उत्तर देता आलं नाही. अजूनही तो प्रश्न आठवला की घास उतरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. “फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही,” मालक म्हणाले. बरं, विकत द्या. “क्लिप सुटी येत नाही. बॅटरीला जोडून येते, 850 रुपये.” चांगली बॅटरी टाकून प्लॅस्टिकच्या दोन इंची तुकड्यासाठी 850 रुपये? क्लिप दोन स्क्रूंवर बसलेली आहे, मी त्यांच्या काउंटरवर ती खोलून दाखवली. ते म्हणाले, कंपनी सुटी पाठवत नाही. मी तिथून तसाच उठलो.

याहून मोठा राग पुढचा आहे. जुलैत गेटवरच्या नव्या पोराच्या सेटची क्लिप तुटली आणि गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीने त्याच्या पगारातून 850 रुपये कापायचं लिहून टाकलं. पोरगा जालन्याहून आलेला, खोलीत सहा जणांत राहतो. मी एजन्सीच्या फिल्ड ऑफिसरला फोन केला. ताब्यात दिलेल्या वस्तूचं नुकसान कामगाराच्या हलगर्जीपणाने झालं असेल तरच पगारातून कापता येतं, आणि तेही त्याला आपलं म्हणणं मांडायची संधी दिल्यावर. वेतनाच्या कायद्यात हे स्पष्ट आहे. त्याला कोणी काही विचारलं होतं का? मी हँडओव्हर रजिस्टरचे, म्हणजे ड्युटी बदलतानाच्या नोंदवहीचे, फोटो पाठवले. तीन सेटच्या क्लिपा तीन वेगळ्या माणसांच्या हातात, एकाच जागी तुटल्याच्या नोंदी तारखेसकट होत्या. कपात रद्द झाली. सुपरवायझरांना कळकळीने सांगतो, किरकोळ मोडतोडही रजिस्टरला त्याच दिवशी लिहा. पोरांचे पैसे त्या एका ओळीवर वाचतात.

उपाय शेवटी बसस्टॉपशेजारच्या मोचीमामांनी काढला. बुटाची टाच लावायला गेलो होतो, सेट हातात होता. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, “पट्ट्यातून जाणारं म्यान शिवतो, संध्याकाळी या.” जाड चामडं, मागे पट्ट्यासाठी दुहेरी घर, वर बटणाचा बंद. 120 रुपये. पहिल्या दिवशी आवाज दबला, म्हणून स्पीकरसमोर नऊ भोकं पाडून घेतली. बोलायचं बटण बाजूला मोकळं राहील अशी खाच त्यांनी न सांगताच ठेवली होती.

तेव्हापासून सेट माझ्या अंगावर आहे. गेल्या आठवड्यात फायर अलार्मच्या पॅनलवर सातव्या मजल्याचा दिवा लागला. आमची पद्धत अशी की हूटर, म्हणजे भोंगा, शांत केला तरी माणूस मजल्यावर जाऊन डोळ्यांनी बघून येईपर्यंत पॅनल रिसेट करायचा नाही. मी लॉबीतल्या लोकांना लिफ्टपासून दूर करत होतो आणि सातव्यावरून निरोप आला, “पॅन्ट्रीत टोस्टर, धूर आहे, आग नाही.” प्रत्येक शब्द स्पष्ट. त्या क्षणी सेट पुरेपूर वसूल झाला असं वाटलं.

म्हणून पुन्हा घ्यायचे झाले तर हेच सेट घेईन, पण दुकानात आधी क्लिप खोलायला लावीन, पिनेजवळचं प्लॅस्टिक नखाने दाबून बघीन आणि सुटी क्लिप मिळते हे बिलावर लिहून घेईन. ते लिहून देत नसतील तर किमतीत 120 रुपये म्यानाचे धरा.

सहापैकी चार सेट आता चामड्यात आहेत. उरलेल्या दोन क्लिपांना पिनेजवळ पांढरी रेघ दिसायला लागली आहे. मामांना कालच माप देऊन आलो.