घरच्या रेकॉर्डिंगला ड्रम कुठले?

खरे, म्हणजे अकूस्टिक, की पॅडवर वाजवायचे इलेक्ट्रॉनिक? फ्लॅटमध्ये राहत असाल तर निम्मा निर्णय शेजारीच घेतात. अकूस्टिक सेट जोरात वाजला की आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. शिवाय किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) एक, स्नेअरला (खणखणीत आवाजाचा छोटा ड्रम) एक आणि वर दोन असे चार माइक, तेवढ्या इनपुटचा इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारा डबा), आणि बरी घुमणारी खोली हवी. इलेक्ट्रॉनिकला एक यूएसबी केबल पुरते. आवाजाऐवजी मिडी, म्हणजे कुठला ठोका कधी आणि किती जोरात पडला याची नोंद, रेकॉर्ड होत असल्याने चुकलेला ठोका नंतर सरकवता येतो, स्नेअरचा आवाजही बदलता येतो. (किक पेडलची धपधप मात्र खालच्या मजल्यावर पोचतेच, खाली जाड मॅट घाला.)

पण हाय-हॅट (पायाने उघडमिट होणारी झांजांची जोडी) अर्धवट उघडून वाजवताना, किंवा तारांचा ब्रश स्नेअरवर घासताना जी सळसळ येते, ती इलेक्ट्रॉनिकच्या साध्या रबरी पॅडवर निघत नाही. जॅझ असेल तर मी अकूस्टिकच वाजवेन, तेही तासावर स्टुडिओ घेऊन.