रोमचे भग्नावशेष, कल्पनेतली कारागृहे की वेरूळ: पहिले जुने अम्लरेखन कोणते घ्यावे?

कोल्हापुरातले एक निवृत्त चित्रकला शिक्षक गेली दोन वर्षे थोडे थोडे पैसे बाजूला ठेवत आहेत. त्यांना प्राचीन वास्तूंचे एक, फक्त एकच, जुने अम्लरेखन (एचिंग), म्हणजे आम्लाने कोरलेल्या पत्र्यावरून काढलेले छापचित्र, घ्यायचे आहे. आबालाल रहमान आणि बाबूराव पेंटर यांच्या या गावात जलरंग आणि तैलरंग जाणणारी नजर पुष्कळांकडे आहे. छापचित्राला मात्र अजूनही ‘मूळ चित्राची प्रत’ समजले जाते, आणि हा गैरसमज दूर झाल्याशिवाय निवड करता येत नाही. अम्लरेखनात कागदावरच्या ठशाखेरीज दुसरे मूळ चित्र नसतेच. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन त्यावर सुईने रेघा ओढतात, पत्रा आम्लात बुडवतात, आणि आम्लाने खाल्लेल्या चरांत शाई भरून ओलसर कागदावर दाब देतात. चर जितका खोल, तितकी रेघ काळी. पत्रा जितक्या वेळा छापला जाईल तितका तो झिजतो, आणि उथळ चर सर्वांत आधी बुजतात. पुढची सगळी तुलना या एका गोष्टीभोवती फिरते.

त्यांच्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिले दोन जोव्हान्नी बात्तिस्ता पिरानेसी (१७२०–१७७८) याचे आहेत. स्वतःला व्हेनिसचा वास्तुकार म्हणवणाऱ्या या माणसाची उभी राहिलेली महत्त्वाची वास्तू जवळजवळ एकच, रोममधले सांता मारिया देल प्रिओरातो हे चर्च. बाकीचे सारे वास्तुज्ञान त्याने तांब्यावर उतरवले. ‘वेदूते दी रोमा’ या रोमच्या दृश्यांच्या मालिकेवर तो १७४८ च्या सुमारापासून मृत्यूपर्यंत काम करत राहिला, आणि तिचे १३५ पत्रे तयार झाले. तिच्यात कलोसियम, पँथिऑन, तिवोलीचे देऊळ, झुडपांनी फोडलेल्या कमानी आणि त्यांच्या पायथ्याशी हातवारे करणारी मुंगीएवढी माणसे आहेत. दुसरी मालिका कल्पनेतल्या कारागृहांची, ‘कार्चेरी’. ती प्रथम १७४९–५० च्या सुमारास १४ पत्र्यांची निघाली. १७६१ मध्ये त्याने तेच पत्रे पुन्हा आम्लात घालून गडद केले आणि दोन नवे जोडून १६ केले. यांतले जिने कुठेच पोचत नाहीत, आणि पुलांमागे आणखी पूल दिसत राहतात.

ज्याला भग्नावशेष प्रिय आहेत त्याने रोमची दृश्ये घ्यावीत आणि ज्याला कल्पना प्रिय आहे त्याने कारागृहे, असा सरळ सल्ला देता आला असता. पण मर्यादित पैशांत मिळणारे ठसे बहुधा उशिराचे असतात, आणि उशिराचा ठसा दोन्ही मालिकांना सारखा मारक ठरत नाही. पिरानेसीनंतर त्याच्या मुलांनी पत्रे पॅरिसला नेले आणि १८०० पासून तिथे नव्या आवृत्त्या छापल्या. १८३८ च्या सुमारास पोपच्या शासनाने ते विकत घेऊन रोमला परत आणले, आणि पुढे त्यांवर लोखंडाचा पातळ मुलामा चढवून छपाई चालू राहिली. रोमच्या दृश्यांचा सगळा श्वास आकाशात आणि दूरच्या टेकड्यांत आहे, आणि त्या रेघा उथळ आहेत. पत्रा झिजला की आकाश कोरे पडते आणि समोरचा अवशेष कापून चिकटवल्यासारखा दिसू लागतो. १७६१ च्या कारागृहांत मात्र सावल्यांचे चर इतके खोल आहेत की पॅरिसचा चांगला ठसासुद्धा आपले वजन राखून असतो. म्हणून माझे मत असे आहे की रोमचे दृश्य घ्यायचे तर १८०० पूर्वीचेच घ्यावे, आणि तेवढे पैसे नसतील तर पॅरिसचे कारागृह घ्यावे. मुलाम्यानंतरचे ठसे दोन्ही मालिकांत एकसुरी, कोरडे वाटतात. ते स्वस्त असले तरी मी सुचवणार नाही.

ओळखण्याच्या खुणा आहेत. रोमच्या अनेक दृश्यांवर स्त्रादा फेलीचे या रस्त्यावरील पिरानेसीच्या घराचा पत्ता आणि ‘अडीच पाओली’ ही किंमत कोरलेली असते. ती असून वरच्या कोपऱ्यात पॅरिसमध्ये वाढवलेला क्रमांक नसेल, तर ठसा जुन्या रोममधला असण्याची शक्यता बळकट होते. आर्थर हिंद यांची पिरानेसीच्या चित्रांची १९२२ ची सूची पत्र्यांच्या अवस्था, म्हणजे पत्र्यावर वेळोवेळी झालेले बदल, एकेक करून नोंदवते. विक्रेत्याने तिचा क्रमांक दिला नसेल तर तो मागून घ्यावा.

तिसरा पर्याय आपल्या अंगणातला आहे. टॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांच्या ‘ओरिएंटल सीनरी’ (१७९५–१८०८) या १४४ चित्रांच्या मालेत २४ चित्रे वेरूळची आहेत. ती चित्रकार जेम्स वेल्स यांच्या रेखाटनांवरून केलेली असून १८०३ मध्ये प्रसिद्ध झाली. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातल्या स्वर्गमंडपाखाली उभे राहून ज्याने वर पाहिले आहे, त्याला कैलास लेण्याचे हे चित्र पाहून जी ओळख पटेल ती रोमचे कुठलेही खंडहर देणार नाही. ही ओढ मी कमी लेखत नाही. परंतु ही चित्रे ॲक्वाटिंट आहेत. त्यांत रेघांऐवजी राळेच्या बारीक कणांमधून आम्ल देऊन छटा काढतात, त्या लवकर झिजतात, आणि वरून हाताने दिलेले जलरंग ती झीज झाकतात. शिवाय १८१२–१६ मध्ये निघालेली लहान आकाराची आवृत्तीही बाजारात असते. मोठ्या आवृत्तीच्या भावात ती घेतली जाऊ नये म्हणून माप आधी विचारावे.

कोल्हापुरात राहणाऱ्याला आणखी एक फरक पाहावा लागतो. पिरानेसीची काळी तेलकट शाई उजेडाने विटत नाही, डॅनियलचे जलरंग विटतात. म्हणजे वेरूळचे चित्र बहुतेक वेळ पेटीत राहणार. दमटपणा मात्र तिन्हींना सारखाच बाधतो. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की कागदावर बुरशी धरते आणि तांबूस ठिपके उमटतात, आणि आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये ती सहज ८० च्या पुढे असते. चित्र बाहेरच्या भिंतीवर कधीच लावू नये, आणि काच थेट कागदाला टेकू देऊ नये. फ्रेमवाल्याला हार्डबोर्ड, डिंक आणि चिकटपट्टी यांऐवजी आम्लरहित माउंट आणि जपानी कागदाच्या बिजागऱ्या वापरायला सांगावे. माझ्या एका चित्राच्या कडा एका दुकानात माउंटमध्ये बसवण्यासाठी कापल्या गेल्या आणि पत्र्याच्या दाबाची खूण निम्मी गेली. ती परत येत नाही. त्यामुळे काम चालू असताना समोर उभे राहणेच बरे.

खर्चाचा हिशेब तिन्हींचा सारखाच आहे. परदेशी लिलावात हातोड्याच्या किमतीवर बहुधा पाव हिश्श्याच्या आसपास शुल्क पडते, त्यावर वाहतूक आणि आयातीवरचे कर. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, म्हणून ‘पुढे परदेशात विकू’ हा हिशेब धरू नये.

शिक्षकांना मी पॅरिसचे कारागृह सुचवले आहे. वेरूळ त्यांच्या मनातून गेलेले नाही, आणि ते जाऊ नये असे मलाही वाटते. पण एकच चित्र रोज भिंतीवर पाहायचे असेल, तर काळी शाई आणि खोल चर जास्त भरवशाचे आहेत. पैसे पाठवण्यापूर्वी त्यांनी विक्रेत्याकडून तीन छायाचित्रे मागवली आहेत: पाठीमागून उजेड देऊन कागदातल्या जलचिन्हाचे, तिरप्या उजेडात दाबाच्या खुणेचे, आणि चित्रातल्या सर्वांत काळ्या सावलीचे अगदी जवळून.