आधी जनरेटर की आधी टाकी? सोलापुरातल्या सोसायटीसाठी हिशेब

वादळात वीज गेली की सोसायटीच्या सभेत पहिली मागणी जनरेटरची होते. पैसे एकाच कामापुरते असतील, तर आमच्या मते आधी साठवण वाढवा.

कारण वीज आणि पाणी जातात एकदम, पण परत येतात वेगवेगळ्या वेळी. उजनी धरणावरच्या पंपगृहात वीज आली, तरी जलवाहिनीतली हवा काढत, व्हॉल्व्ह सावकाश उघडत ती भरावी लागते. घाई केली तर पाण्याच्या दणक्याने जोड सुटतो. मग पाकणीच्या केंद्रातलं शुद्धीकरण, मग शहरातल्या टाक्या. त्यात आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, एक पाळी हुकली की पुढच्याही लांबतात. लाइट आल्यावरही हौद कोरडा राहतो तो यामुळे, आणि कोरड्या हौदातून जनरेटर काय उपसणार?

चाळीस फ्लॅट, 160 माणसं धरा. माणशी 135 लिटरने दिवसाला 21,600 लिटर लागतात, काटकसरीत 60 लिटरने 9,600. म्हणजे गच्चीवर 20,000 लिटर असले, तर विजेशिवाय दोन दिवस निघतात. मात्र 10,000 लिटर म्हणजे 10 टन वजन. टाकी स्लॅबच्या मध्यावर ठेवू नका, बीम-कॉलमवर भार येईल अशी बसवा, तीही स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच. साठलेल्या पाण्यातला क्लोरीन उतरतो. 10,000 लिटरला साधारण 40 ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून, वरचं निवळलेलं पाणी टाकीत घाला. अर्ध्या तासाने चाचणीत लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन दिसला पाहिजे.

जनरेटरची बाजूही खरी आहे. सहा-सात मजले, लिफ्ट, घरात आजारी माणूस असेल, तर तो लागतोच. 5 एचपीचा पंप 30 मीटर उंचीवर 20,000 लिटर तासाभरात चढवतो. पण थेट सुरू होताना मोटर सहापट करंट ओढते, 15 केव्हीए क्षमतेच्या जनरेटरचं व्होल्टेज खाली बसतं आणि स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर (मोटरला वीज जोडणारा स्विच) तडतडतो. मोटर हळूहळू सुरू करणारा सॉफ्ट स्टार्टर बसवला की तेवढाच जनरेटर पुरतो. लिफ्ट आणि पंप एकाच वेळी चालवू नका. चेंजओव्हर, म्हणजे लाइनवरून जनरेटरवर नेणारा स्विच, जोडताना फेज उलटे लागले तर पंप फिरतो, पाणी मात्र नीट चढत नाही. हे पहिल्याच दिवशी तपासा.

डिझेलचं लोक विसरतात. वीज नसताना पेट्रोल पंपाचं मशीनही त्यांच्या जनरेटरवर चालतं आणि मोबाइल टॉवरची बॅटरी उतरली की फोन लागत नाही. दोन दिवसांचं डिझेल आधीच सुरक्षित ठिकाणी ठेवा. दर आठवड्याला दहा मिनिटं, पंपाचा लोड देऊन जनरेटर चालवा.

वीज परतल्यावर लगेच बटण दाबू नका. सगळे पंप एकदम सुरू झाले की फीडर, म्हणजे भागाला वीज देणारी लाइन, पुन्हा ट्रिप होतो. पंधरा मिनिटं थांबून तिन्ही फेजचं व्होल्टेज बघा. नळाचं पहिलं गढूळ पाणी हौदात घेऊ नका, आणि हौदाची पातळी फूट व्हॉल्व्हच्या (पंपाच्या ओढ-पाइपच्या तळाची झडप) वर आल्याशिवाय पंप लावू नका. कोरडा चालला तर पंपाचं सील जळतं.