घराच्या कागदपत्रांची चोवीस कप्प्यांची फाइल : आठ महिने आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

ऑक्टोबरच्या शेवटी सोसायटीच्या सचिवांनी प्रत्येक सभासदाकडे इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश देणारा उतारा) आणि मुद्रांक शुल्काच्या चलनाची छायाप्रत मागितली. बिल्डरने जमिनीचे अभिहस्तांतरण करून दिलेले नाही, म्हणजे जमिनीची मालकी सोसायटीच्या नावे केलेली नाही, म्हणून आमची सोसायटी जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे बिल्डरशिवाय ती मालकी मिळवण्याचा, अर्ज करणार आहे, आणि त्या अर्जाला प्रत्येक सदनिकेच्या नोंदणीचा पुरावा जोडावा लागतो. ही फाइल मी अशाच प्रसंगासाठी घेतली होती, त्यामुळे मी निश्चिंत होतो. कपाट उघडले, चेन ओढली, पाचव्या कप्प्यातल्या कागदाला हात घातला, तर कागद बाहेर येईना. जरा जोर लावल्यावर तो आला, पण दस्त क्रमांक, मोबदल्याची रक्कम आणि आम्हा दोघांच्या नावांचा अर्धा भाग प्लास्टिकवरच चिकटून राहिला. कप्पा खिडकीच्या उजेडात धरला तेव्हा तीच अक्षरे, आरशात दिसावीत तशी उलटी, प्लास्टिकवर स्वच्छ वाचता येत होती.

जूनमध्ये मी या फाइलला चार तारे दिले होते आणि दोन मित्रांना ती घ्यायलाही सांगितले होते. ते मत मी मागे घेत आहे, आणि का घेत आहे ते सविस्तर लिहिणे हे त्या दोघांचे आणि इतर वाचकांचे माझ्यावरचे देणे आहे असे मी समजतो.

फाइल घेण्याचे निमित्त गृहकर्ज फिटल्याचे होते. आमचे घर डोंबिवलीत आहे. करारनामा 2018 मध्ये नोंदवला आणि कर्ज मुदतीआधी, जानेवारी 2025 मध्ये फेडले. कर्ज पूर्ण फिटल्यावर मिळकतीची मूळ कागदपत्रे 30 दिवसांच्या आत परत केली पाहिजेत आणि बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवसाला 5,000 रुपये भरपाई दिली पाहिजे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे. आमच्या बँकेने मुदत पाळली. खाकी लिफाफ्यात मूळ करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स टू, बिल्डरच्या पावत्या आणि कर्ज देताना बँकेने करून दिलेली कागदांची यादी, असे सर्व परत आले. त्या यादीशी एकेक कागद ताडून पाहिल्याशिवाय मी पोचपावतीवर सही केली नाही. ज्यांचे कर्ज फिटत आले आहे त्यांनी ती यादी आजच शोधून ठेवावी, कारण कोणता कागद परत यायचा राहिला हे सांगणारा दुसरा कोणताही पुरावा आपल्या हाती नसतो.

इतकी वर्षे बँकेच्या तिजोरीत सुरक्षित असलेले कागद आता माझ्या जबाबदारीवर आले, म्हणून चांगली फाइल घ्यायची असे ठरवले. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात साधी फाइल 180 रुपयांना होती. तरीही मी ऑनलाइन 649 रुपये मोजले. माझ्यासारख्या माणसाला फाइलसाठी ही रक्कम मोठी आहे, आणि तेवढे पैसे देताना मी फक्त कप्पे किती, चेन कशी आणि पाणी आत जाते का, एवढेच पाहिले. कप्प्याचे प्लास्टिक कोणते, हा प्रश्न मला सुचलाही नाही. वर्णनात त्याबद्दल 'प्रीमियम प्लास्टिक' एवढेच लिहिलेले होते.

पहिले दोन महिने समाधानाचे गेले, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. कप्प्यांवर चिठ्ठ्या लावायची सोय उत्तम आहे. करारनामा आणि नोंदणी, महारेराची माहिती, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र, ताबापत्र, बँकेचे कर्जमुक्तीचे पत्र, सोसायटीचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट) आणि नामनिर्देशनाची पोच, मालमत्ता कर, महावितरणच्या मीटरचा नावबदल, विमा, दुरुस्तीची बिले, अशी मांडणी मी एका रविवारी बसून केली. बँकेने सर्साईच्या, म्हणजे तारण मालमत्तांच्या केंद्रीय नोंदवहीच्या, नोंदीतून आपला बोजा उतरवल्याचा उताराही वेगळ्या कप्प्यात ठेवला. एप्रिलमध्ये मालमत्ता कराच्या जुन्या पावतीची गरज पडली तेव्हा पत्नीने ती मला न विचारता मिनिटाभरात काढली. पूर्वी यासाठी माळ्यावरची पेटी खाली उतरवावी लागत असे.

मेमध्ये चेनचा सरक निघाला. सहा महिन्यांची हमी असूनही विक्रेत्याच्या प्रतिनिधीने आधी सांगितले की परत करण्याची मुदत सात दिवसांची होती. मग हमी फक्त शिवणीला आहे असे सांगितले, आणि मी हमीपत्रातला 'चेन' हा शब्द छायाचित्रासह पाठवल्यावर बदली फाइल मंजूर झाली. यात चार फोन आणि अकरा दिवस गेले. नवी फाइल आली, मी सगळे कागद पुन्हा लावले, आणि चेनचा विषय माझ्यापुरता मिटला. जूनमधले चार तारे त्यानंतरचे आहेत. एक तारा मी कापला होता तो आकारासाठी. ही फाइल ए-फोर मापाची आहे, आणि आपल्याकडचे करारनामे बहुधा हिरव्या लेजर कागदावर, लीगल मापात असतात. आमचा करारनामा जोडपत्रांसह 118 पानांचा आहे. नोंदणीच्या वेळी पानाला 20 रुपयांप्रमाणे दस्त हाताळणी शुल्क भरले होते, त्यामुळे पानांची संख्या आजही तोंडपाठ आहे. तो कोणत्याच कप्प्यात मावला नाही. घडी घातली तर दुय्यम निबंधकांच्या शिक्क्याच्या आणि अंगठ्यांच्या ठशांच्या पानांवर कायमची मोड पडली असती, म्हणून नाइलाजाने तो सुती कापडात गुंडाळून कपाटाच्या वरच्या खणात ठेवला.

जो दोष मी तेव्हा सर्वांत मोठा मानला होता, त्यानेच करारनामा वाचवला. कापडातले एकही पान खराब झालेले नाही. फाइलच्या आतले मात्र झाले.

इंडेक्स टूचे काय झाले हे कळल्यावर मी त्या दिवशी चोवीसही कप्पे जमिनीवर रिकामे केले. लेझर प्रिंटरने छापलेले आठ कागद कमीजास्त प्रमाणात चिकटले होते. भागदाखल्याचा छापील मजकूर शाबूत होता, पण सोसायटीच्या गोल शिक्क्याची जांभळी शाई प्लास्टिकवर उमटून कडांना फिकी झाली होती. प्रत्येकी 50 रुपयांचे दहा भाग, म्हणजे कागदावर 500 रुपयांचा तो दाखला. पण घर विकताना हस्तांतरणाची नोंद त्याच्याच पाठीमागे होते, म्हणून तो लॅमिनेटही करता येत नाही. झेरॉक्स प्रतींची अवस्था सर्वांत वाईट होती. शाईने हाताने भरलेल्या जुन्या पावत्या मात्र जशाच्या तशा होत्या.

कारण समजून घ्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या. लेझर प्रिंटर आणि झेरॉक्स यंत्रातली शाई ही खरे तर शाई नसून राळेसारख्या प्लास्टिकची बारीक पूड असते. उष्णतेने ती वितळते आणि कागदाच्या पृष्ठभागावर बसते, पण त्यात मुरत नाही. पीव्हीसी मुळात कडक असते. ते मऊ आणि लवचीक व्हावे म्हणून त्यात मिसळलेले द्रव्य काळाच्या ओघात बाहेर झिरपत राहते, त्या पुडीला मऊ करते आणि अक्षर कागद सोडून प्लास्टिकला धरते. दाब आणि उष्णता असेल तर हे लवकर होते. ठासून भरलेली, चेन लावून बंद केलेली फाइल एप्रिल आणि मेच्या उकाड्यात बंद कपाटात पडून राहिली. पुढे पावसाळ्याचे चार महिने बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या त्या कपाटात ओल होती आणि जी दमट हवा फाइलमध्ये कोंडली गेली तिला बाहेर पडायला वाट नव्हती. पाणी आत जाऊ नये म्हणून केलेली चेन ओल बाहेरही जाऊ देत नाही. पॉलिप्रॉपिलिनच्या कप्प्यात अक्षरे अशी उचलली जात नाहीत, कारण त्यात हे मऊ करणारे द्रव्य घालावेच लागत नाही.

या दोन प्लास्टिकांतला फरक घरी ओळखता येतो, आणि या संपूर्ण अभिप्रायातून वाचकांनी एकच गोष्ट घ्यायची असेल तर ती ही घ्यावी. पीव्हीसीचा कप्पा काचेसारखा चकचकीत व मऊ असतो आणि त्याला नव्या रेनकोटसारखा वास येतो. पॉलिप्रॉपिलिन हलके, किंचित दुधी असते आणि हाताळताना कुरकुर वाजते. तरीही शंका राहिली तर कप्प्याच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून पाण्याच्या वाटीत बुडवावा आणि त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटाने पुसून टाकावेत. पॉलिप्रॉपिलिन पाण्यापेक्षा हलके असल्याने वर तरंगते, पीव्हीसी तळाला जाते. माझ्या 649 रुपयांच्या फाइलचा तुकडा सरळ तळाला गेला. स्टेशनरीच्या दुकानातून नंतर आणलेल्या, प्रत्येकी चार रुपयांच्या कप्प्याचा तुकडा तरंगत राहिला.

एक नुकसान मात्र प्लास्टिकच्या माथी मारता येत नाही. सदनिका आरक्षित करताना कार्डाने भरलेल्या रकमेची चिठ्ठी आणि खिडक्यांच्या जाळ्या, स्वयंपाकघराचा ओटा यांची काही बिले थर्मल कागदावरची होती. ती बऱ्याच अंशी पांढरी पडली आहेत. असा कागद उष्णतेने आणि काळाने फिका पडतोच. पीव्हीसीच्या सहवासात तो अधिक लवकर पडतो एवढेच. अशा चिठ्ठीची छायाप्रत त्याच दिवशी काढायला हवी होती, ती चूक माझी आहे. ही बिले किरकोळ वाटतात, पण घर विकताना भांडवली नफ्याच्या हिशेबात घरात केलेल्या सुधारणांचा खर्च धरता येतो. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या घराच्या बाबतीत करासाठी भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने न वाढवता 12.5 टक्के किंवा ती वाढवून 20 टक्के, यांपैकी कमी पडणारा कर भरण्याची मुभा आहे. दोन्ही हिशेबांत बिल हाती असणे महत्त्वाचे आहे, कारण बिलाशिवाय तो खर्च दाखवायचा कसा?

विक्रेत्याला मी चिकटलेल्या कप्प्याची छायाचित्रे पाठवली. "कागद ओले असताना ठेवले असतील," असे उत्तर आले. मी तुकडा पाण्यात बुडवल्याची चित्रफीत पाठवली, तेव्हा 200 रुपयांचे कूपन देऊ केले. मी ते घेतले नाही. माझी मागणी पैशाची नव्हती. उत्पादनाच्या वर्णनात प्लास्टिकचे नाव लिहावे आणि 'महत्त्वाच्या कागदपत्रांसाठी' हे शब्द काढावेत, एवढीच होती. आजपर्यंत त्यावर उत्तर आलेले नाही आणि ते शब्द तिथेच आहेत.

इंडेक्स टूची नवी प्रत दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळाली. नोंदणीकृत दस्ताची नोंद शासनाकडे कायम असते आणि प्रमाणित प्रत मागता येते, त्यामुळे या कागदाची हानी भरून निघाली. खर्च झाला तो अर्ध्या दिवसाच्या रजेचा. बिल्डरच्या सहीच्या पावत्यांना मात्र असे दुसरे घर नाही. त्यांचा पुसट भाग वाचता येण्याजोगा आहे तोवर मी त्या स्कॅन करून घेतल्या.

आता कागद अशा प्रकारे ठेवले आहेत. लेझरवर छापलेला प्रत्येक कागद साध्या पांढऱ्या कागदाच्या घडीत आणि मग पॉलिप्रॉपिलिनच्या कप्प्यात. कप्पे लीगल मापाच्या, पुठ्ठ्याच्या बॉक्स फाइलमध्ये उभे, सैल. कपाट बाहेरच्या भिंतीपासून आतल्या भिंतीला हलवले आहे. करारनामा कापडातच आहे, कारण तिथे त्याचे काही बिघडलेले नाही. सगळ्याला मिळून 310 रुपये लागले.

फाइलला एक तारा देत आहे, आणि तो कप्प्यांवरच्या चिठ्ठ्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे हीच फाइल आहे त्यांनी आज संध्याकाळी इंडेक्स टूचा कप्पा उघडून पाहावा. कागद चिकटलेला असेल तर ओढू नये. कप्प्याच्या दोन्ही कडा कात्रीने कापून प्लास्टिक एका कोपऱ्यातून अगदी सावकाश सोडवावे. पहिल्या कागदानंतर मी तसे केले आणि उरलेल्या सातांपैकी पाच कागद अक्षर न गमावता सुटले.