भरती अकॅडमी: ग्राउंड एक नंबर, फ्लेक्सवर नका जाऊ

लहान भाऊ दोन महिन्यांपासून तालुक्याच्या एका भरती अकॅडमीत अग्निवीरची, म्हणजे फौजेतल्या चार वर्षांच्या नोकरीची, तयारी करते म्हणून लिहून राहिलो. नाव नाही टाकत, आमच्याकडं सगळ्या सारख्याच. ग्राउंडवर मेहनत घेतात बाप्पा, यात वाद नाही. पहाटे साडेचारला शिट्टी. पोट्ट्याला 1600 मीटरला सहा मिनिटांच्या वर लागत होते, आता 5:38 वर आलं, साडेपाचच्या आत बसलं की 60 पैकी 60 मार्क. बीमला लटकून पुलअप्स दहा मारते. मेसचं वरण पातळ, पोळ्या गरम.

तक्रार गेटवरच्या फ्लेक्सची आहे. टँक, तिरंगा, अन् खाली हे मोठ्ठं "4 वर्षांत 11.71 लाख". त्यातले निम्मे पोट्ट्याच्याच पगारातून दर महिन्याला 30 टक्के कापून जमा होतात, ते कुठंच नाही. पेन्शन नाही अन् चार वर्षांनी 25 टक्क्यांपर्यंतच पोरं ठेवतात, एवढं सर वर्गात सांगतात, खोटं कायले बोलू. पण भावानं विचारलं, "सर, तिकडं पाय गेला तं?" तं सर म्हणे, "असे निगेटिव्ह प्रश्न विचारणाऱ्याचं सिलेक्शन होत नसते."

आमच्या घरी तो प्रश्न रोज ओसरीवर बसून असते. मोठे मामा फौजेत होते, त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. पोस्टवरून उतरताना घसरले, इंज्युरी रिपोर्ट धड कोणी लिहिला नाही, अन् मेडिकल बोर्डानं लिहून दिलं की हे नोकरीनं झालंही नाही अन् नोकरीनं वाढलंही नाही. फौजी लोक याला नाना म्हणतात, इंग्रजीतली चार अक्षरं आहेत ती, NANA. मामा म्हणते, घरी एक नाना होतेच, बोर्डानं दुसरा दिला. तो शेरा पडला की डिसॅबिलिटी पेन्शन अडकली, मग ट्रिब्युनल म्हणजे फौजींचं कोर्ट, वकील, चकरा, अन् तिथं जिंकलं तरी सरकार हायकोर्टात जाते. मामाची साडेसहा वर्षं त्यात गेली. मे महिन्यात घामानं नकली पाय सटकते, मग मामा काढून भिंतीला टेकवून ठेवते, कोंबडी येऊन त्याच्यावर बसते, नातवं हासतात.

अग्निवीरासाठी रकमा आहेत, 100 टक्के अपंगत्वाला 44 लाख, 75 ला 25, 50 ला 15, पण तेही नोकरीमुळं झालं असं ठरलं तरच. म्हणजे नाना याच्याही मागं आहेच. कुठं लागलं तं त्याच दिवशी कागद करून घे, झेरॉक्स घरी पाठव, एवढं सांगायला अर्धा तास लागते, दोन महिन्यांत तो अर्धा तास निघाला नाही.

मी सरांना म्हटलं, मामाला एका रविवारी बोलवा, फुकटात सांगतील. सर लगेच म्हणे, "हो हो, 15 ऑगस्टला बोलावू ना, शाल-श्रीफळ देऊ." मामाला सांगितलं तं म्हणते, नारळ घेऊन ये, शाल तिथंच राहू दे.

तीन स्टार. भावाला काढलं नाही, पुढच्या महिन्याची फी भरली.