ब्लॉक, वेस्टलेक की मॅकबेन? एकाच एजन्सीतून निघालेल्या तिघांपैकी सुरुवात कुणापासून करायची

गुन्हेगारी आणि रहस्यकथा लिहिणाऱ्या अमेरिकन लॉरेन्स ब्लॉकचं नाव ऐकलंय, एखादं पुस्तक घ्यावंसं वाटतंय पण यादी बघितली की घाम फुटतो, अशांसाठी हे लिहितोय. गडी १९३८ चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा, पहिली कथा १९५८ ला 'मॅनहंट' मासिकात आली आणि २०२३ मध्ये, म्हणजे पंच्याऐंशीव्या वर्षी, पठ्ठ्याने मॅथ्यू स्कडर या आपल्या डिटेक्टिव्हचं आत्मचरित्र लिहून काढलं. मधल्या काळात किती लिहिलं ते मोजायच्या फंदात पडू नका, कारण टोपणनावंच इतकी आहेत. आणि भानगड अशी की ब्लॉक वाचायला लागलं की त्याचे मित्रही मागोमाग घरात शिरतात. एक डोनाल्ड वेस्टलेक, दुसरा एड मॅकबेन. म्हणजे घ्यायला गेलो एक आणि निर्णय घ्यायचा तिघांमधून.

तिघांना जोडणारा धागा म्हणजे मॅनहॅटनमधली स्कॉट मेरेडिथ नावाची लिटररी एजन्सी, म्हणजे लेखकांचं लिखाण प्रकाशकांना विकून देणारी कंपनी. मॅकबेन तिथे पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला होता, ब्लॉक आणि वेस्टलेक दशकाच्या शेवटाकडे. काम काय, तर हौशी लोक फी भरून आपलं हस्तलिखित पाठवायचे, ते वाचायचं आणि 'तुमच्यात गुण आहेत पण कथानकाचा सांगाडा जरा कमी पडतोय' अशा गोड भाषेत परत पाठवायचं. ब्लॉकचं म्हणणं की लिहायला तो तिथेच शिकला, कारण रोज ढिगाने वाईट कथा वाचल्या की कथा कुठे मोडते ते डोळ्याला दिसायला लागतं. मला हे पटतं. तिघांच्याही पुस्तकात फापटपसारा नाही याचं कारण बहुतेक तेच असावं.

पण एकाच ठिकाणी तयार झालेल्या या तिघांची आवड मात्र तीन दिशांना गेलीय, आणि निवड करताना तेच बघायचं. ब्लॉकला माणसात रस आहे, वेस्टलेकला प्लॅनमध्ये आणि मॅकबेनला टीममध्ये. ढोबळ आहे हे, मान्य, पण कामाला येतं.

ब्लॉकचा मॅथ्यू स्कडर घ्या. न्यूयॉर्क पोलिसातून बाहेर पडलेला, कारण ड्युटीवर नसताना चोरांवर गोळी झाडली, ती कशावर तरी आपटून उडाली आणि एक लहान मुलगी गेली. कुणी त्याला दोषी धरलं नाही, उलट शाबासकी मिळाली, पण याने नोकरी सोडली, घर सोडलं आणि सत्तावन्नाव्या रस्त्याजवळ एका हॉटेलच्या खोलीत राहायला लागला. लायसन्स नाही. लोकांची कामं 'फेवर' म्हणून करतो, मिळालेल्या पैशातले दहा टक्के समोर जे चर्च दिसेल त्याच्या पेटीत टाकतो, त्यातही कॅथलिकांना जास्त मिळतात कारण त्यांची चर्चेस जास्त वेळ उघडी असतात. आणि पितो. खूप पितो. पहिली कादंबरी १९७६ ची पण मी तिथून सुरू करा म्हणणार नाही. सरळ पाचव्या नंबरवर जा, १९८२ चं 'एट मिलियन वेज टू डाय'. धंदा सोडू पाहणाऱ्या एका कॉलगर्लचा खून होतो आणि तिचा दलालच स्कडरला म्हणतो, कुणी मारलं ते शोध. खुनी कोण हा प्रश्न आहेच, पण वाचताना जीव टांगणीला लागतो तो वेगळ्याच गोष्टीवर, हा माणूस आज संध्याकाळी बारमध्ये जाणार की एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांची संघटना) मीटिंगला. खुनाच्या कादंबरीत एका न घेतलेल्या पेगचं इतकं टेन्शन येऊ शकतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

आता वेस्टलेक. याच्याबद्दल जरा लांबेल कारण एका माणसात इथे निदान दोन लेखक आहेत, आणि चुकीच्या दारातून आत गेलात तर वैतागून बाहेर याल.

एक आहे रिचर्ड स्टार्क, हे वेस्टलेकचंच टोपणनाव. या नावाने त्याने १९६२ ला 'द हंटर' लिहिली, त्यातला पार्कर हा व्यावसायिक दरोडेखोर. पहिलं नाव नाही, बालपण नाही, पश्चात्ताप तर अजिबातच नाही. बायको आणि साथीदार दगा देतात, याच्या वाट्याचे पंचेचाळीस हजार डॉलर जातात आणि हा ते वसूल करायला थेट माफियाच्या वरच्या साहेबांपर्यंत पोचतो. मजा अशी की त्या साहेबांना कळतच नाही की एवढा राडा फक्त स्वतःच्या पंचेचाळीस हजारांसाठी, एक डॉलर जास्त मागत नाही. यावर १९६७ ला ली मार्विनचा 'पॉइंट ब्लँक' आला आणि १९९९ ला मेल गिब्सनचा 'पेबॅक', पण दोन्हीत हिरोचं नाव पार्कर नाही, कारण वेस्टलेकची अट होती की नाव हवं असेल तर अख्खी मालिका करा. जेसन स्टॅथमने ते नाव लावलं २०१३ ला, वेस्टलेक गेल्यानंतर.

दुसरा वेस्टलेक म्हणजे स्वतःच्या नावाने लिहिणारा, डॉर्टमंडरचा. हा जन्मला कसा तर पार्करचीच एक कथा लिहायला घेतली होती ज्यात तीच वस्तू पुन्हा पुन्हा चोरावी लागते, पण ते लिहिता लिहिता विनोदी व्हायला लागलं आणि पार्करला विनोद चालत नाही. मग हिरो बदलला आणि १९७० ला 'द हॉट रॉक' आली. एक पाचू चोरायचाय. चोरतात, पकडला जाणारा साथीदार तो गिळून टाकतो, मग जेल फोडायचं, मग पोलिस स्टेशन, मग वेड्यांचं हॉस्पिटल, तिथे तर रेल्वेचं इंजिन घेऊन घुसतात. प्रत्येक प्लॅन परफेक्ट, प्रत्येक वेळी नशीब नालायक. या टोळीतला ड्रायव्हर मर्च मीटिंगला आला की आधी कुठल्या रस्त्याने आलो, कुठे ट्रॅफिक होतं, कुठून कट मारला ते सविस्तर सांगतो. असा एक मामा प्रत्येक मराठी घरात असतोच.

म्हणून वेस्टलेक घेणार असाल तर आधी स्वतःला विचारा की मूड कुठला आहे. पार्कर कोरडा आहे, वाक्यं छोटी, हिंसा बिनबोभाट, वाचून झाल्यावर हात धुवावेसे वाटतात. डॉर्टमंडर ट्रेनमध्ये वाचू नका, लोक बघतात. आणि या दोन्हीत न बसणारं एक पुस्तक आहे १९९७ चं 'द ॲक्स', कागद कंपनीतून कमी केलेला एक मॅनेजर खोटी जाहिरात देऊन आपल्याच लाइनमधल्या उमेदवारांचे बायोडेटा मागवतो आणि एकेकाला संपवायला निघतो, म्हणजे नोकरी आपल्यालाच मिळेल. हिंजवडीत लेऑफच्या मेलची वाट बघत बसलेल्यांनी सध्या लांब राहिलेलंच बरं. कोरियाच्या पार्क चान-वूकने २०२५ ला यावर सिनेमा काढला.

मॅकबेनचं थोडक्यात आटोपतो. जन्माचं नाव साल्व्हातोरे लोंबिनो, १९५२ ला कायदेशीर नाव इव्हान हंटर करून घेतलं, त्या नावाने 'द ब्लॅकबोर्ड जंगल' लिहिली, हिचकॉकच्या 'द बर्ड्स'ची पटकथाही याचीच. आणि १९५६ पासून एड मॅकबेन या नावाने सत्त्याऐंशीव्या प्रीसिंक्टच्या (म्हणजे पोलिस हद्दीच्या) पोलिसांच्या पन्नासहून जास्त कादंबऱ्या, शेवटची २००५ ला, तो गेला त्या वर्षी. शहराच्या या भागाचं नाव आयसोला, पण ते मॅनहॅटनच आहे, जरा फिरवून ठेवलेलं. हिरो एक नाही, अख्खं पोलिस स्टेशन. उकाडा, फोन, फॉर्म भरणं (काही पुस्तकात ते फॉर्म जसेच्या तसे छापलेत), एकाच वेळी दोनतीन केसेस. आज टीव्हीवर पोलिस स्टेशनच्या ज्या मालिका बघतो त्यातलं निम्मं इथून आलंय. पण खरं सांगायचं तर हे सलग वाचलं की मला जरा सारखंच वाटायला लागतं, मध्ये मध्ये एखादं घ्यावं. सगळ्यात आधी 'किंग्ज रॅन्सम' घ्या, १९५९ चं. बुटाच्या कंपनीतला बडा माणूस, अपहरण करणारे चुकून त्याच्या मुलाऐवजी ड्रायव्हरच्या मुलाला उचलतात, आता खंडणी द्यायची का? कुरोसावाने १९६३ ला यावरच 'हाय अँड लो' केला.

तिघांची तुलना करताना मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटते ती ही गोष्ट, की तिन्ही मालिका मुळात संपणार होत्या. मॅकबेनने तिसऱ्याच पुस्तकात कॅरेलाला, म्हणजे त्या पोलिस स्टेशनमधल्या मुख्य डिटेक्टिव्हला, मारलं होतं, प्रकाशकाकडून सांगणं आलं की बाबा रे हिरोला मारू नकोस. वेस्टलेकने पार्करला पहिल्याच पुस्तकाच्या शेवटी पकडून दिलं होतं, तिथे संपादक म्हणाला की याला सुटू दे, मग अजून पुस्तकं करता येतील. दोन्ही वेळा प्रकाशक तोच, पॉकेट बुक्स. आणि ब्लॉकचं उलटं. त्याला कुणी थांबवलं नाही, 'एट मिलियन वेज' लिहून झाल्यावर त्याला स्वतःलाच वाटलं की स्कडरच्या आयुष्यातली मुख्य गोष्ट घडून गेली, आता सांगण्यासारखं काय उरलं. मग तो मागे गेला आणि १९८६ ला 'व्हेन द सेक्रेड जिनमिल क्लोजेस' लिहिली, सावरलेला स्कडर १९७५ चा उन्हाळा आठवतोय, बार आणि बारमधले दोस्त. हे शीर्षक ब्लॉकचा गायक मित्र डेव्ह व्हॅन रॉन्क याच्या गाण्यातून घेतलंय. माझ्या मते तिघांच्या सगळ्या पुस्तकात हे सर्वात चांगलं, पण आधी 'एट मिलियन' वाचलेलं असलं तरच त्याची खरी किंमत कळते.

यातूनच आणखी एक फरक निघतो जो ठरवताना लक्षात घ्या. स्कडर खऱ्या काळाबरोबर म्हातारा होतो, दारू सुटते, लग्न होतं, गुडघे दुखतात. कॅरेला पन्नास वर्षं जवळपास तसाच. पार्कर तर १९७४ ला गायब झाला आणि १९९७ ला परत आला तरी काही झालंच नाही असा. त्यामुळे स्कडर बराचसा क्रमाने वाचावा लागतो, मॅकबेन कुठूनही उचला, डॉर्टमंडर पहिल्यापासून घेतला तर बरं पण नाही घेतला तरी काही अडत नाही.

मैत्रीचं म्हणाल तर ब्लॉक आणि वेस्टलेकची खास. उमेदवारीच्या काळात पैशासाठी दोघांनी मिळून तीन चावट कादंबऱ्या लिहिल्या, एक प्रकरण याने, पुढचं त्याने, आधी काही न ठरवता. आपल्याकडे बाबुराव अर्नाळकर एकट्याने हजारावर रहस्यकथा लिहून गेले त्यामुळे वेगाचं आपल्याला कौतुक नाही, पण ही पद्धत भारी आहे. वेस्टलेक असले खेळ इतरांशीही खेळायचा, जो गोर्स नावाच्या मित्राच्या १९७२ च्या कादंबरीत आणि त्याच वर्षीच्या पार्करच्या कादंबरीत एकच प्रसंग आहे, फक्त दोन बाजूंनी सांगितलेला. वेस्टलेक २००८ च्या ३१ डिसेंबरला मेक्सिकोत गेला. साठच्या दशकात त्याने 'मेमरी' नावाची एक गंभीर कादंबरी लिहिली होती जी कुणी घेतली नव्हती, ते हस्तलिखित ब्लॉकच्या लक्षात होतं, त्याने प्रकाशकाच्या कानावर घातलं आणि २०१० ला ती निघाली. वेस्टलेकच्या लेखांचा संग्रह 'द गेटअवे कार' आला त्यालाही प्रस्तावना ब्लॉकचीच. मित्रांवर आणि आवडत्या लेखकांवर ब्लॉकने जे वेळोवेळी लिहिलं ते 'द क्राइम ऑफ अवर लाइव्ह्ज'मध्ये आहे, पण ते निदान चारपाच कादंबऱ्या वाचून झाल्यावर घ्या, आधी नको.

ब्लॉकची स्वतःची आवड कळायला मात्र लेख वाचायची गरज नाही, ती त्याच्या कादंबऱ्यात सांडलेली असते. रेक्स स्टाउट त्याला इतका आवडतो की १९७४ ला त्याने लिओ हेग नावाचा एक डिटेक्टिव्ह काढला ज्याची ठाम समजूत आहे की स्टाउटचा डिटेक्टिव्ह नीरो वुल्फ हा खरोखरचा माणूस आहे. कॉर्नेल वूलरिच या जुन्या रहस्यकथाकाराची अर्धवट राहिलेली कादंबरी त्याने पूर्ण केली. आणि बर्नी रोडेनबार, दिवसा जुन्या पुस्तकांचं दुकान चालवणारा आणि रात्री कुलपं उघडणारा, याच्या एका पुस्तकात तर सगळा आटापिटा रेमंड चँडलरने डॅशिएल हॅमेटला (दोघेही डिटेक्टिव्ह कथांचे जुने दिग्गज) सही करून दिलेल्या एका प्रतीसाठी आहे, तेही ख्रिस्तीबाईंच्या थाटात, बर्फात अडकलेल्या बंगल्यात. ज्यांना स्कडरचा अंधार झेपणार नाही त्यांनी ब्लॉकमध्ये या दारातून यावं.

मग घ्यायचं काय? ख्रिस्ती वाचून मोठे झालात आणि रक्तपात नको, तर बर्नी. हसायचंय, तर 'द हॉट रॉक', डोळे झाकून. एका बैठकीत संपेल असं काहीतरी करकरीत हवं असेल तर 'द हंटर', ती शिकागो युनिव्हर्सिटी प्रेसने नव्याने काढलीय आणि डार्विन कुकने केलेलं कॉमिकही आहे, तेही चालेल. पोलिसांचं रोजचं काम आवडतं, तर मॅकबेन. आणि खुनी कोण हे कळण्यापेक्षा माणूस कसा निभावतो यात रस असेल, दोनतीनशे पानं उदास राहायची तयारी असेल, तर स्कडर. मला कुणी एकच विचारलं तर मी स्कडर म्हणेन पण भेट म्हणून द्यायचं झालं तर डॉर्टमंडरच देतो, कारण दारू सोडायची धडपड असलेलं पुस्तक गिफ्ट केलं की काही लोक उगाच मनाला लावून घेतात. त्या तीन चावट कादंबऱ्यांच्या मागे मात्र लागू नका, नंतर एकत्र छापल्यात त्या, पण दोघांचेही पक्के फॅन असाल तरच.