इंडक्शन शेगडी, चौदा महिन्यांनंतर: पोळी पास, भाकरी नापास

आधी खुलासा: ही शेगडी मी हौसेने घेतलेली नाही. पुण्यात कोथरूडची आमची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही दोघं कर्वेनगरला भाड्याने राहायला आलो. जुन्या घरी पाइपचा गॅस होता, सिलिंडर केव्हाच परत केलेला. इथे पाइप नाही, आणि सिलिंडरचं कनेक्शन मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. तेवढ्यापुरतं काहीतरी हवं म्हणून तपकीर गल्लीत गेले आणि दोन हजार वॉटची इंडक्शन घेऊन आले. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे. शिवाय "काकू, आतला माल सगळ्यांचा सारखाच, वरची काच वेगळी," असं दुकानदार स्वतःच म्हणाला.

दुकानात कुणी सांगत नाही ती पहिली गोष्ट म्हणजे प्लग. दोन हजार वॉट म्हणजे जवळजवळ नऊ अँपिअर. मिक्सरच्या साध्या पॉइंटचं हे काम नव्हे. आमच्या भाड्याच्या ओट्याजवळ पॉवर पॉइंट नव्हता, म्हणून मी एक्स्टेन्शन बोर्ड लावला. चौथ्या दिवशी जळकट वास आला. हात लावून पाहिलं तर बोर्ड इस्त्रीसारखा तापलेला. वायरमन आला, बोर्ड बघून नुसता हसला आणि मीटरपासून जाड वायर ओढून सोळा अँपिअरचा पॉइंट काढून दिला. शेगडीच्या किमतीत हा खर्च धरा.

दुसरी गोष्ट भांडी. सासूबाईंची तांबट आळीतली तांब्याची पातेली, माझी हिंडालियमची कढई, अॅल्युमिनियमचा कुकर: एकही चालेना. भांडं ठेवलं की शेगडी कुंई कुंई करते आणि गप्प बसते. लोहचुंबक बुडाला चिकटला तर भांडं चालतं, एवढं साधं गणित आहे. म्हणून फ्रिजवरचा गणपतीचा मॅग्नेट पर्समध्ये टाकून तुळशीबागेत गेले. मी एकेक पातेलं उलटं करून मॅग्नेट लावतेय, तो घसरून पडतोय, आणि दुकानातला मुलगा बघतोय. शेवटी म्हणाला, "काकू, गणपती कुठे बसवायचाय ते तरी सांगा." मग त्यानेच आतून जाड बुडाची तीन पातेली काढून दिली. स्टीलची सगळी भांडी चालतात हा गैरसमज आहे. त्याच्याकडच्या निम्म्या स्टीलला मॅग्नेट लागतच नव्हता.

आता स्वयंपाक. वरण-भाताचा कुकर, उसळ, चहा, पिठलं यात तिला तोड नाही. लिटरभर पाण्याला उकळी यायला चार मिनिटंसुद्धा लागत नाहीत, आणि मे महिन्यात ओट्याशी उभं राहिलं तरी घामाच्या धारा लागत नाहीत. पोळ्या होतात, पण जपून. आतली कॉइल लहान असल्यामुळे तवा मधोमध तापतो आणि कडा गार राहतात. पहिल्या पोळ्यांना मध्ये तपकिरी चट्टा आणि कडेला कच्चं पीठ. बिडाचा जड तवा आणला, पाच मिनिटं मंद तापू दिला, तेव्हा कुठे घडीची पोळी नीट सुटली.

खरी फजिती तूप कढवताना झाली. मंद आच ही या शेगडीला कळतच नाही. तीनशे वॉटवर ठेवलं तरी ती सलग मंद चालत नाही. चार-पाच सेकंद पूर्ण जोर, मग बंद, मग पुन्हा जोर. लोणी शांतपणे कढायच्या ऐवजी उसळतं, बसतं, परत उसळतं. मी चमचा घेऊन समोर उभी. एकदा फोन घ्यायला वळले तेवढ्यात बेरी काळी झाली. त्या तुपाला आलेला वास ह्यांना आठवडाभर "खमंग" वाटत होता, मला नव्हता वाटत.

भाकरी, वांग्याचं भरीत, पापड आणि गोड्या मसाल्याचं सुकं खोबरं ही चार कामं हिच्यावर होत नाहीत, आणि ती होतात असं जो म्हणतो त्याने भरीत खाल्लेलं नाही. भाकरी शेवटी विस्तवावरच फुगते. जाळी ठेवून, झाकण ठेवून, सगळे व्हिडिओ बघून झाले. नाही फुगत.

मी सहकारी बँकेत कॅशियर होते, त्यामुळे वहीत हिशेब असणारच. सिलिंडर आल्यावर एक टाकी मुद्दाम नुसत्या गॅसवर चालवली. १४.२ किलोची टाकी आम्हा दोघांना ५३ दिवस पुरली. मग भाकरी-भरीत बंद ठेवून तेवढंच रांधणं इंडक्शनवर केलं आणि दर वेळी आधी-नंतर मीटर पाहिला (फ्रिज तेवढा वेळ बंद, ह्यांची कुरकुर चालू). दिवसाला सरासरी अडीच युनिट. म्हणजे एका टाकीचा स्वयंपाक सुमारे १३२ युनिटांत झाला. आता मेख अशी की विजेच्या बिलात पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा आणि १०१ ते ३०० चा बराच चढा. आमचं बिल एरवी ८५ युनिटांचं. सगळा स्वयंपाक इंडक्शनवर केला की महिन्याला ७५ युनिट वाढतात, आणि त्यातली बहुतेक चढ्या दरात पडतात. पहिल्या शंभरात बसणाऱ्याला ती गॅसच्या आसपास पडेल. आम्हाला महाग पडली. म्हणून हल्ली सकाळचा कुकर आणि चहा तिच्यावर, बाकी गॅसवर.

हे सगळं इतकं सविस्तर लिहायचं कारण सोसायटीची मीटिंग. नव्या इमारतीत गॅसची पाइपलाइन घ्यायची की नाही यावर चर्चा होती, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मोबाइल उंचावून सांगितलं, "अमेरिकेत गॅसवर बंदी आली, पेट्रोलवर आली, आपल्याकडे पाच वर्षांत येणार. कशाला पाइपवर पैसे घालता?" माझी मुलगी तिकडेच, कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराजवळ राहते. तिचा गॅस चालू आहे, कारण तिचं घर जुनं आहे. बर्कलीने २०१९ मध्ये नियम केला होता तो फक्त नव्या इमारतींना गॅसजोडणी न देण्याचा. तिथल्या रेस्टॉरंटवाल्यांची संघटना कोर्टात गेली. उपकरणांच्या ऊर्जावापराचे नियम केंद्रीय कायद्याखाली येतात, शहराला हा अधिकार नाही, असं अपील न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं, आणि पुढच्या वर्षी शहराने नियम मागे घेतला. न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये केलेला कायदाही नव्या इमारतींपुरताच. कुणाच्या ओट्यावरची शेगडी उचलून नेलेली नाही. पेट्रोलचंही तसंच. कॅलिफोर्नियाने २०२२ मध्ये ठरवलं ते २०३५ पासून नव्या पेट्रोल गाड्या न विकण्याचं, जुनी चालवायला मनाई नव्हती, आणि त्यालाही २०२५ मध्ये अमेरिकेच्या संसदेने खोडा घातला.

"मग दिल्लीत?" काका म्हणाले. दिल्लीचा मुद्दा मात्र बरोबर होता. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना १ जुलै २०२५ पासून पंपावर इंधनच द्यायचं नाही असं ठरलं होतं. लोक इतके भडकले की आठवडाभरात ते पुढे ढकलावं लागलं. आमच्या ह्यांची २०१० ची स्कूटर आहे, त्यामुळे हा विषय निघाला की ते खुर्चीत सरसावून बसतात. आपल्याकडे पंधरा वर्षांनी तपासणी, पाच वर्षांसाठी नूतनीकरण आणि वर ग्रीन टॅक्स. ते सगळं त्यांनी इमानेइतबारे केलंय, आणि पावती गाडीच्या डिकीत प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवून हिंडतात.

एका बंदीला मात्र मी मीटिंगमध्ये हात वर केला: नव्या बाथरूममध्ये गॅस गीझर नको. झरोका नसलेल्या बाथरूममध्ये त्याच्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला ना वास ना रंग, आणि आत गेलेलं माणूस आतच पडतं. तो ठराव एकमताने झाला. पाइपलाइनवर अजून वाद चालू आहे. माझं म्हणणं पाइपही घ्या आणि प्रत्येक ओट्यावर सोळा अँपिअरचे दोन पॉइंटही घ्या. गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद ठेवली की इंडक्शन म्हणजे काळ्या काचेचा पाट. आणि वीज स्वच्छ, गॅस घाण असं छातीठोक सांगणाऱ्यांनी आपली वीज बहुतांशी कोळशावर होते हेही सांगावं.

आता ती तक्रार. अकराव्या महिन्यात शेगडी बंद पडली. वॉरंटी वर्षभराची. सर्व्हिस सेंटरवाल्याने खालचं झाकण उघडलं आणि चिमट्याने एक झुरळ काढून माझ्यासमोर कागदावर ठेवलं. "हे वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं, पंख्याची जाळी इतकी मोठी ठेवली कुणी, झुरळाने की कंपनीने? उत्तर नाही. साडेसातशे रुपये घेतले, पावती मागितली तेव्हा कुठे दिली. आता रात्री शेगडी पुसून, प्लग काढून, जुन्या उशीच्या अभ्ऱ्यात घालून ठेवते.

पाचपैकी तीन तारे. एक तारा झुरळासाठी कापला, एक तुपासाठी. भाकरीचा कापत नाही, तो तिचा दोष नाही.